केबलच्या बातम्यांत लोकांना नेमकं काय हवंय, कसं ओळखायचं?

मदत हवी आहे. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं केबलवर संध्याकाळी अर्ध्या तासाचं बातमीपत्र असतं. विचारलं की सगळे म्हणतात, सोयाबीन-तुरीचा भाव दाखवा, मांजरा धरणात पाणी किती ते सांगा, नळ कधी येणार ते सांगा. दुसऱ्या दिवशी चौकात चर्चा मात्र अपघाताची नि पुढाऱ्यांच्या भांडणाची. (वाढदिवसाच्या शुभेच्छा कुणालाच नकोत, पण खर्च त्यातूनच निघतो, त्यामुळे त्या बंद करा म्हणू नका.)

वसुलीच्या पोरांकडे फॉर्म दिले. 'सगळं छान आहे' एवढंच लिहून आलं. व्हॉट्सॲपवर विचारलं तर उत्तरं फक्त तरुण पोरांची. मालिका लागायच्या आधी आम्हाला बघणाऱ्या बायका, म्हातारी माणसं त्यात नाहीतच. टीआरपी आमच्यासारख्यांचा निघत नाही, आणि युट्यूबवर बघणारे बरेचसे पुण्या-मुंबईला गेलेले.

कॅमेरा एकच, माणसं दोन, सर्व्हेला पैसे नाहीत. घरोघर जायची तयारी आहे. तिथं 'काय हवंय' असं न विचारता 'काल काय बघितलं, कुठं चॅनेल बदललं' असं विचारलं तर खरं उत्तर मिळेल का? आणि घरातल्या बायकांना विचारायला कुणाला पाठवावं?