शनिवारची मॅच की शब्बाथ? बारा वर्षांच्या मुलाला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्याचे, बेने इस्राएल. म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठीच बोलतो, आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यामुळे शेजारी दहा वर्षं राहूनही निम्म्या लोकांना पत्ता नसतो. (2016 साली राज्य सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तरी मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर क्लार्कने धर्म 'ख्रिश्चन' लिहून टाकला होता. असो.)

प्रश्न मुलाचा आहे. यंदा तो शाळेच्या फुटबॉल टीममध्ये निवडला गेलाय. मॅचेस सगळ्या शनिवारी सकाळी. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, म्हणजे कामधंदा बंद ठेवून विश्रांतीचा दिवस, असतो, आणि शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये प्रार्थना. सरांनी सांगितलंय, एखादी मॅच चुकली तर चालेल, दोन चुकल्या तर जागा दुसऱ्याला. त्यांचंही चूक नाही.

त्यात जानेवारीत तो तेरा पूर्ण करतोय, म्हणजे बार मित्झवा, मुलगा धर्माच्या दृष्टीने मोठा झाल्याचा विधी. सेफेर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी, त्यातला आपला भाग त्याला सगळ्यांसमोर वाचायचाय. हिब्रू, त्यातून गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, त्यामुळे चालीसकट पाठच करावा लागतो. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून करतोय, कुरकुरत.

मी मॅचला नाही म्हटलं तर म्हणाला, "आई, शब्बाथला गाडीत बसत नाहीत ना? मग आपण सिनेगॉगला रिक्षाने कसे जातो? रिक्षा चालते आणि फुटबॉल चालत नाही?"

मला उत्तरच सुचलं नाही. घोडबंदर रोडवरून टेंभी नाक्याच्या बाजूला चालत जायचं म्हणजे दुपार होईल. म्हणून रिक्षा. नियम आम्हीच आमच्या सोयीने वाकवलेत, आणि पोराने ते बरोबर पकडलं.

घरात दोन पक्ष आहेत. सासऱ्यांनी गिरणीत तीस वर्षं शनिवारी पाळी केली, ते म्हणतात खेळू दे. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं त्यात आपल्या पोथ्या गेल्या, हिब्रू गेली, कोकणात घाण्यावर तेल काढून पोट भरलं. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून तर गाव आपल्याला 'शनवार तेली' म्हणायचं. "आणि हा चेंडूसाठी शनिवार सोडणार?"

तसं त्याला शब्बाथचा कंटाळा आहे असंही नाही. शुक्रवारी मनुका भिजवून त्याचं सरबत आम्ही किद्दुशला, म्हणजे शब्बाथ सुरू होताना पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला, घेतो. मनुका फडक्यातून पिळायचं काम धाकटीचं. कोपरापर्यंत हात चिकट होतात, निम्म्या मनुका पोटात जातात. मेणबत्त्या लावल्या की डोळ्यांवर हात ठेवते आणि बोटांच्या फटीतून सगळं बघते. नवऱ्याची लोकल लेट झाली तर किद्दुश मुलगाच म्हणतो, न सांगता.

आणि खरी गंमत म्हणजे, सिनेगॉगमध्ये गेला की हा आधी डोकी मोजतो. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या संख्येला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. पूर्वी ठाण्यात ही अडचण नव्हती, आता अर्धी घरं इस्राएलला गेली. परवा नऊच होते, दहाव्याची वाट बघत सगळे बसले. हा माझ्या कानात म्हणाला, "जानेवारीनंतर असं झालं तर माझ्यावर सुरू करतील."

असा मुलगा आहे. म्हणून जबरदस्ती करून घालवायची नाही, आणि 'जा बाबा' म्हणून सगळंच सोडायचंही नाही. ज्यांच्या घरी असा पेच आला असेल त्यांनी काय केलं? बेने इस्राएलच हवेत असं नाही. 'मुलं आहेत, खेळू द्या' एवढंच कृपया लिहू नका, ते सासरे रोज सांगतात.

---

प्रतिसाद १

ताई, आम्ही जैन. मुलगी बास्केटबॉल खेळते, बाहेरगावच्या स्पर्धेत रात्रीचं जेवण साडेआठला. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा नियम. आम्ही तिलाच विचारलं की तुला काय पाळायचंय ते ठरव, पण ठरवलंस ते वर्षभर पाळायचं. तिने पर्युषणात कडक आणि एरवी सूट असं ठरवलं. माझ्या सासूबाई चार महिने बोलल्या नाहीत, ते वेगळं.

प्रतिसाद २

अश्दोदहून लिहितोय, मूळचा पेणचा. इथे शनिवारी शाळा आणि बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे तुमचा पेच आमच्या नातवंडांना कळणारच नाही. फुटबॉलचं तुम्ही बघा, मी एकच सांगतो. तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात. माझा बार मित्झवा गुरुवारी झाला होता. रिक्षाचा प्रश्न नाही, फोटो काढता येतात, संध्याकाळी मलिदा (आपला गोड पोह्यांचा प्रसाद). पोह्यात खोबरं जरा जास्त घाला.

धागाकर्ती

काका, गुरुवारचं डोक्यातच आलं नव्हतं! हज्जानकाकांशी (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात ते) बोलते. जैन ताई, तुमचं वाचून मुलाला कागद दिला आणि काय पाळणार ते लिही म्हटलं. त्याने लिहिलंय: शुक्रवारची संध्याकाळ कधीच चुकवणार नाही, क्लास असला तरी. मॅच नसेल तेव्हा सिनेगॉग. शेवटी कंसात, 'नऊ जण असतील तर फोन करा, मॅच सोडून येईन.'

कागद सासूबाईंना अजून दाखवलेला नाही.