रोज रील टाकण्यापेक्षा आलेल्या कमेंटला उत्तर द्या. पटतंय का?

सडेतोड
ग्राहकांशी नातं जोडायचं असेल तर सोशल मीडियावर ॲक्टिव्ह राहा, असं धंदेवाल्यांना जो तो सांगत सुटतो. ॲक्टिव्ह म्हणजे काय, तर रोज पोस्ट, आठवड्याला दोन-तीन रील आणि कॅलेंडरवरच्या प्रत्येक दिनविशेषाला शुभेच्छा. माझ्या मते हा बराचसा वेळ वाया जातो.

परवा घरपोच वस्तू देणाऱ्या एका कंपनीचं पान बघत होतो. वर चकाचक रील. खाली पहिलीच कमेंट, ‘आठ दिवस झाले, ऑर्डर कुठंय?’ कंपनीचं उत्तर, ‘कृपया आम्हाला डीएम करा’, म्हणजे खासगी मेसेज पाठवा, सोबत हात जोडलेली इमोजी. त्याखाली तोच माणूस, ‘तीनदा केलाय.’ पुढे सामसूम. शेजारीच ‘मस्त!’ लिहिणाऱ्याला मात्र लगेच बदाम मिळालेला.

याउलट केएलएम ही डच विमान कंपनी बघा. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरली आणि युरोपातली विमानं जमिनीवर बसली. फोन लागेनात, तेव्हा या कंपनीने आपली माणसं फेसबुक आणि ट्विटरवर बसवली आणि अडकलेल्या प्रवाशांना एकेक करून उत्तरं दिली. रील नव्हती, जिंगल नव्हती. तरी लोकांच्या लक्षात राहिलं.

मीटर_डाऊन
साफ असहमत. केएलएमला लोक आधीच ओळखत होते, म्हणून तर तिथे विचारायला आले. नव्या धंद्याच्या पानावर तक्रार करायलाही कुणी फिरकत नाही. आधी दिसावं लागतं, साहेब.

ब्लेंडटेकचं उदाहरण घ्या. ब्लेंडर बनवणारी अमेरिकन कंपनी, फारसं कुणाला नाव माहीत नव्हतं. २००६ मध्ये त्यांच्या मालकाने यूट्यूबवर ब्लेंडरमध्ये काहीबाही टाकून भरडायला सुरुवात केली. गोट्या झाल्या, पुढे चक्क आयफोनही झाला. लोक करमणूक म्हणून बघायचे आणि यंत्राची ताकद आपोआप डोळ्यांत भरायची. तिथे नुसत्या कमेंटना उत्तरं देत बसले असते तर आज आपण त्यांचं नाव घेतलं असतं का?

सडेतोड
पण त्यांनी स्वतःचं यंत्रच दाखवलं ना! मी ‘सुप्रभात मित्रांनो’वाल्या पोस्टविषयी बोलतोय. वस्तू कशी बनते, कशी वापरायची, बिघडली तर काय करायचं, हे रोज दाखवा की. कोण नको म्हणतंय?

मीटर_डाऊन
मग शीर्षक बदला. :)

भाडेकरू
तुम्ही दोघे ज्या जागेवरून भांडताय ती तुमची नाहीच. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये आप्तमित्रांच्या पोस्ट वर येणार आणि व्यवसायांच्या खाली जाणार. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून फॉलोअर जमवले, त्यांना स्वतःच्याच फॉलोअरपर्यंत पोचायला पैसे मोजून पोस्ट बूस्ट करायची वेळ आली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम काही तास बंद पडले. ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथेच यायच्या त्यांनी काय केलं असेल? आणि अख्खी सोशल साइटच बंद पडते ती वेगळीच: ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये.

ग्राहकाच्या परवानगीने त्याचा नंबर आणि ईमेल स्वतःच्या वहीत घ्या, बाकी सगळं दुय्यम. लश या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने २०२१ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट सोडून दिलं. धंदा बुडाला नाही.

मीटर_डाऊन
अर्धीच गोष्ट सांगताय. तेव्हा लशने ट्विटर आणि यूट्यूब सोडलं नव्हतं. शिवाय भर बाजारात त्यांची स्वतःची दुकानं आहेत. ज्याचं दुकानच मोबाइलमध्ये आहे त्याने हे अनुकरण केलं तर महिन्याभरात शटर खाली.

यादी बनवा, त्याला माझी ना नाही. पण यादीत नाव घालायला माणूस येणार कुठून? तिथूनच ना?

इनबॉक्सवाली
पानं सांभाळणं हेच माझं काम, म्हणून थोडं सविस्तर.

सडेतोडदादा, ‘उत्तर द्या’ म्हणणं सोपं आहे. उत्तर देणाऱ्याच्या हातात काय असतं? बहुतेक ठिकाणी पान सांभाळणाऱ्या मुलीला ना ऑर्डर बघता येत, ना पैसे परत करता येत. ती ‘डीएम करा’ म्हणते कारण तिला तेवढंच म्हणायची मुभा आहे. २००९ चं युनायटेड एअरलाइन्सचं प्रकरण आठवा. कॅनडाच्या डेव्ह कॅरोल या गायकाची गिटार सामानात मोडली. कित्येक महिने त्याला या खात्याकडून त्या खात्याकडे फिरवलं आणि शेवटी भरपाई नाकारली. त्याने त्यावर गाणं रचून यूट्यूबवर टाकलं, ते लाखोंनी बघितलं. त्याला उत्तरं मिळतच होती. निर्णय मिळत नव्हता.

म्हणून आधी ठरवा, कोणत्या रकमेपर्यंतची भरपाई पान सांभाळणारी व्यक्ती कुणालाही न विचारता देऊ शकते. मग पहिलं उत्तर सगळ्यांसमोर द्या, ‘पार्सल अडकलंय, आज संध्याकाळपर्यंत कळवते’ असं ठोस. ऑर्डर नंबर, पत्ता तेवढा खासगीत मागा. कारण उघड तक्रारीखाली कंपनीच्या नावाची खोटी खाती टपलेली असतात, ओटीपी मागायला. आणि शिवी नसेल तर कमेंट उडवू नका. तिचा स्क्रीनशॉट आधीच निघालेला असतो.

भाडेकरू, नंबरांच्या यादीबद्दलही एक. व्हॉट्सॲपच्या बिझनेस एपीआयवर, म्हणजे कंपन्या आपली यंत्रणा व्हॉट्सॲपला जोडतात त्या सोयीवर, ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास मोकळेपणी बोलता येतं, नंतर मंजूर झालेले साचेबद्ध मेसेजच जातात. लोकांनी ब्लॉक करायला सुरुवात केली की व्हॉट्सॲपच्या लेखी तुमच्या नंबरचा दर्जा घसरतो. म्हणजे तुमची वहीसुद्धा भाड्याच्याच घरात.

भाडेकरू
व्हॉट्सॲपपुरतं मान्य. ईमेलला हे लागू नाही.

मीटर_डाऊन
ईमेल उघडतं कोण?

खवचट_काका
एवढी डोकेफोड कशाला? बॉट बसवा, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम, चोवीस तास गोड बोलेल. हाकानाका.

इनबॉक्सवाली
काका, एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या बॉटने एका प्रवाशाला सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. चूक बॉटची, आमची नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली.

रात्री बॉट ठेवा, पण त्याने दोनच गोष्टी कराव्यात. तक्रार नोंदवून घ्यावी आणि माणूस किती वाजता उत्तर देईल ते सांगावं. आणि त्या वेळेला माणूस खरंच बसलेला असावा.