कायरोप्रॅक्टरचं ३६ सिटिंगचं पॅकेज आणि पुढे 'प्रिव्हेंटिव्ह' भेटी: घ्यावं का?

अनघा_एडिसन
नमस्कार मंडळी. नवऱ्याची (वय ४१) कंबर गेला महिनाभर धरली आहे. अशी पहिल्यांदाच. पायात कळ जात नाही, मुंग्याही नाहीत. कायरोप्रॅक्टरने (हे मणक्याला हाताने झटका देऊन उपचार करतात) पहिल्याच भेटीत पूर्ण मणक्याचा एक्स-रे काढला, 'सबलक्सेशन' (मणका जागचा सरकणं) आहे म्हणून सांगितलं आणि तीन महिन्यांत ३६ सिटिंगचं २,४०० डॉलरचं पॅकेज पुढे ठेवलं. पैसे आगाऊ भरायचे. नंतर दुखत नसलं तरी दर महिन्याला यायचं, ते म्हणे प्रिव्हेंटिव्ह केअर. यात तथ्य आहे का? प्रिव्हेंटिव्ह म्हटल्यावर इन्शुरन्स सगळे पैसे देतो का? शिवाय सासऱ्यांची मान सारखी आखडते, तर त्यांनाही आणा म्हणतात. ते ७१ वर्षांचे, मेडिकेअरवर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी विमा) आहेत, ऑस्टिओपोरोसिस आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

मेधा_फिजिओ
उपचार हवाच, पण सबलक्सेशनच्या नावावर तीन महिन्यांचा बेत आखू नका. मणका जागचा सरकतो, नस दबते आणि त्यातून रोग होतात, ही मांडणी डी. डी. पामर यांची. १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्टमध्ये त्यांनी ही पद्धत सुरू केली. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलकडे असते. सबलक्सेशन हे रोगाचं कारण आहे असा दावा करण्याजोगा क्लिनिकल पुरावा नाही, असं या कौन्सिलनेच २०१० मध्ये सांगितलं. झटका दिल्यावर जो कडकड आवाज येतो तोही हाड 'बसल्याचा' नसतो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते, तेव्हा तो येतो.

म्हणून पद्धत टाकाऊ ठरत नाही. नव्या कंबरदुखीसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या सूचनांमध्ये शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर यांच्या बरोबरीने मणक्याचं मॅनिप्युलेशनही (हाताने झटका देऊन सांधा हलवणं) पहिल्या पायरीवर आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये अट घातली की ते व्यायामासोबतच द्यावं, एकटं नाही.

आधी मोजमाप ठरवा. कंबरदुखीने रोजची कामं किती अडतात हे मोजणारा ऑस्वेस्ट्री फॉर्म भरून घ्या: दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेची दुप्पट म्हणजे टक्केवारी. समजा ४० आले. दोन ते चार आठवड्यांत, सहा-सात भेटींनंतर ते २८ च्या आसपास उतरले नाहीत, तर त्याच उपचाराच्या आणखी तीस भेटींनी उतरतील असं मानायला आधार नाही.

प्रतिबंधाचा सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाच्या बाजूने आहे. २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात नुसत्या व्यायामाने कंबरदुखीचा धोका ३५ टक्के, आणि व्यायामाला योग्य माहितीची जोड दिल्यावर ४५ टक्के कमी झाला. कंबरेच्या पट्ट्यांनी आणि बुटातल्या गाद्यांनी काही साधलं नाही. बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात-पाय सरळ करणं), साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर भार घेऊन अंग उचलणं) आणि अर्धा कर्ल-अप (उताणं झोपून डोकं-खांदे किंचित उचलणं) करा, दर वेळी ८-१० सेकंद धरून. चुकतं ते इथे: बर्ड-डॉगमध्ये पाय कंबरेच्या रेषेपेक्षा वर नेला की पाठीला बाक येतो, आणि बरेच जण श्वास रोखून धरतात. सकाळी उठल्या उठल्या खोल वाकायचे व्यायाम नकोत, रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. आणि व्यायाम सोडला की फायदाही ओसरतो, हे आधीच सांगते.

बिलिंग_डेस्क
इन्शुरन्सचं सांगतो. अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टखाली पूर्ण पैसे मिळणाऱ्या प्रिव्हेंटिव्ह सेवांची ठरलेली यादी असते: यूएसपीएसटीएफ या अमेरिकी तज्ज्ञमंडळाने 'ए' किंवा 'बी' दर्जा दिलेल्या तपासण्या, लसी, स्त्रिया व मुलांसाठीच्या सेवा. कायरोप्रॅक्टिक त्यात नाही. क्लिनिकने नाव काहीही दिलं तरी क्लेम उपचार म्हणूनच जाणार. प्लॅनला फोन करून चार गोष्टी विचारा: वर्षाला किती भेटी, कोपे (दर भेटीला भरायची ठरलेली रक्कम) की डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे देण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम), पूर्वपरवानगी लागते का, आणि 'मेंटेनन्स' (आणखी सुधारणा नसताना चालू ठेवलेल्या भेटी) वगळलं आहे का. चौथा प्रश्न लोक विसरतात आणि नेमका तिथेच क्लेम नाकारला जातो. एचएसएचे (औषधोपचारासाठी करमुक्त बचत खातं) पैसे दुखण्याच्या उपचाराला चालतात, पण निव्वळ तब्येत चांगली राहावी म्हणून केलेल्या खर्चाला नाही.

सासऱ्यांसाठी: मेडिकेअर पार्ट बी (डॉक्टरांच्या भेटींचा भाग) कायरोप्रॅक्टरला मणक्याच्या हाताने केलेल्या मॅनिप्युलेशनचेच पैसे देतं. बिलावर कोड ९८९४० (मणक्याचे एक-दोन भाग), ९८९४१ (तीन-चार) आणि ९८९४२ (पाचही). डिडक्टिबलनंतर २० टक्के तुमचे. त्याने सांगितलेला एक्स-रे किंवा केलेला मसाज तुमच्या खिशातून. क्लेमवर कोडापुढे जोडलेली 'एटी' ही खूण (मॉडिफायर) म्हणजे उपचारातून सुधारणा अपेक्षित आहे. सुधारणा थांबली की पुढच्या भेटी मेंटेनन्स, त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही. तेव्हा क्लिनिकने आधी एबीएन फॉर्मवर (मेडिकेअर पैसे देणार नाही याची आगाऊ सूचना) सही घ्यायला हवी. सही करण्याआधी त्यावरचा आकडा वाचा.

डीसी_शिरीष
मी कायरोप्रॅक्टर आहे, आणि अनघाताई, हे पॅकेज घेऊ नका असंच सांगेन. मात्र मेंटेनन्स केअर म्हणजे निव्वळ धंदा, हेही खरं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या चाचणीत ३२८ रुग्ण होते. एका गटाला ठरावीक अंतराने बोलावलं, दुसरा दुखलं की यायचा. वर्षभरात पहिल्या गटाला त्रासाचे सुमारे १३ दिवस कमी लागले, भेटी सरासरी १.७ जास्त. पण त्यात घेतलेल्या सगळ्यांची कंबर वारंवार दुखणारी होती आणि सुरुवातीच्या उपचाराने त्यांना चांगला आराम पडला होता. तुमच्या यजमानांचं दुखणं पहिलंच आहे, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना लागू होत नाही. ज्याला कधी दुखलंच नाही, त्याला तर मुळीच नाही.

एक्स-रेबद्दल: धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे तो काढू नये, आणि प्रगती बघायला पुन्हा पुन्हा तर नाहीच. २०१७ मधली ही सूचना आमच्याच अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनची आहे.

न्यूरो_कुलकर्णी
सासऱ्यांच्या मानेला झटका देऊ देऊ नका. हाडं ठिसूळ आणि रक्त पातळ, या दोन्ही गोष्टी मेडिकेअरच्या नियमावलीतच सावधगिरीच्या यादीत आहेत. त्यांना झटक्याविना हळुवार मोबिलायझेशन (हाताने सांधा सावकाश हलवणं), शेक आणि मान न हलवता हाताच्या तळव्याला डोक्याने विरोध करायचे आयसोमेट्रिक व्यायाम पुरेत, तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

मानेतली धमनी आतून फाटून स्ट्रोक येणं दुर्मीळ आहे. झटक्यामुळेच ती फाटते का, यावर वाद आहे, कारण धमनी आधीच फाटलेली असली तरी मान आणि डोकं दुखतं आणि माणूस नेमका तेव्हाच कायरोप्रॅक्टरकडे जातो. कारण कुठलंही असो, पूर्वी कधी न झालेलं, एका बाजूचं, अचानक उठलेलं मानदुखणं असेल तर झटका नको. एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळता न येणं, तोल जाणं, चेहरा बधिर होणं यांपैकी काही दिसलं तर थेट ९११.

नवऱ्याच्या बाबतीत लघवी अडणं, बैठकीची जागा बधिर होणं किंवा दोन्ही पायांतली ताकद जाणं दिसलं तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. ताप, कारण नसताना वजन उतरणं किंवा पूर्वीचा कॅन्सर असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी, मॅनिप्युलेशन नंतरचं.

अनघा_एडिसन
मनापासून आभार. सासऱ्यांचं रद्द केलं. पण नवऱ्याने ५०० डॉलर आगाऊ भरले आहेत, दोन सिटिंग झाली. परत मागता येतील का?

बिलिंग_डेस्क
आधी करारातला रिफंडचा परिच्छेद वाचा. झालेल्या सिटिंगचा हिशोब पॅकेजच्या दराने होतो की पूर्ण दराने, हे तिथे असतं. पॅकेजचा दर सिटिंगला सुमारे ६७ डॉलर पडतो, म्हणजे दोनचे १३४ वजा जाऊन ३६६ परत यायला हवेत. पूर्ण दराने कापले तर तो दर लेखी मागा. प्लॅन सोडत असल्याचं ईमेलने कळवा, फोनवर नको. क्लिनिक इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये असेल तर त्या दोन भेटींचा क्लेम पाठवला का तेही विचारा. पाठवला असेल तर तुमच्याकडून फक्त कोपे किंवा डिडक्टिबल घेता येतं, आणि इन्शुरन्सकडून आलेल्या ईओबीवर (क्लेमच्या हिशोबाचं पत्रक) तो आकडा दिसेल.