मदत हवी आहे : ‘अ‍ॅस्पर्जर’ शब्दावरून ग्रुपमध्ये दोघं दुखावलेत

मी स्वतः ऑटिस्टिक, आमचा पुण्यात सात जणांचा छोटा ग्रुप आहे. एका दादाला २००९ मध्ये अ‍ॅस्पर्जर निदान मिळालं, तो तोच शब्द वापरतो, २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक निदानांच्या अमेरिकन पुस्तिकेत ते वेगळं निदान काढून सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं तरी. दुसरी ताई म्हणते की ज्या डॉक्टरच्या नावावरून हा शब्द आला त्या हान्स अ‍ॅस्पर्जरने नाझी काळात मुलांना व्हिएन्नातल्याच श्पीगलग्रुंड या क्लिनिकला पाठवलं जिथे मुलं मारली गेली, म्हणून ते नाव तिला ऐकवत नाही. रविवारी ती कानावर हेडफोन दाबून रडत होती आणि दादा नुसता चावीची रिंग फिरवत गप्प. मला दोघंही पटतात हो, त्या शब्दानेच दादाला पहिल्यांदा स्वतःची ओळख पटली. कुणाचाही शब्द न हिसकावता पुढची भेट कशी घ्यायची, कुणी असं सांभाळलंय का? प्लीज सांगा.