गच्चीवर हॉर्न बसवून २१ सेंमीची हायड्रोजन रेषा: एमएस्सीचा प्रकल्प आणि शाळांचे कार्यक्रम दोन्ही साधतील का?

मृगशीर्ष:
आमचा भौतिकशास्त्र विभाग शहराच्या मधोमध आहे. विभागाकडे ८ इंची दुर्बीण आहे, पण जून ते सप्टेंबर ढग असतात आणि उरलेले महिने रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड. चंद्र, गुरू, शनी यांपलीकडे फारसं काही दाखवता येत नाही. शिवाय शाळा येतात त्या दिवसा. म्हणून १४२० मेगाहर्ट्झचा हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचा) अँटेना गच्चीवर बसवायचा विचार आहे. आकाशगंगेतला हायड्रोजन याच वारंवारतेला, म्हणजे २१ सेंमी तरंगलांबीला, रेडिओ लहरी सोडतो. तीसेक हजारांची तरतूद आहे, एमएस्सीचे चार विद्यार्थी आहेत.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हॉर्नच्या गळ्याला तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा चालेल का? समोरच्याच इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे, त्याने सगळं वाया जाईल का? आणि ‘रेषा दिसली’ याच्या पुढे जाऊन विद्यार्थ्यांना खरं मोजमाप काय करता येईल?

पत्रा_आणि_प्रोब:
तेलाचा डबा नको. त्याची बाजू २३ सेंमीच्या आसपास असते. तेवढ्या रुंदीत १४२० मेगाहर्ट्झला मूळ मोडबरोबर (मोड म्हणजे नळीतून लहर जाण्याची एक रचना) वरचे मोडही वाहू लागतात (मुख्य मोडची कटऑफ, म्हणजे जिच्याखाली तो वाहत नाही ती वारंवारता, सुमारे ६५० मेगाहर्ट्झ, त्याच्या वरचे ९२० आणि १३०० च्या आसपास). प्रोब (संकेत उचलणारी आतली कांडी) अगदी मध्यावर असला तरी डबा जरा वाकडातिकडा असला की ऊर्जा भलत्या मोडमध्ये जाते आणि बीम (अँटेनाला दिसणारा आकाशाचा तुकडा) बिघडतो.

पत्र्याचं काम करणाऱ्याकडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची आयताकृती नळी वाकवून घ्या. आतलं माप १६.५ × ८.३ सेंमी, लांबी २५ सेंमी, एक टोक बंद. या मापात कटऑफ ९०८ मेगाहर्ट्झ येते आणि आपल्या वारंवारतेला एकच मोड उरतो. नळीतली तरंगलांबी साधारण २७.४ सेंमी, म्हणून प्रोब बंद टोकापासून तिच्या पाव अंतरावर, ६.९ सेंमीवर, रुंद बाजूच्या बरोबर मध्यावर. प्रोब म्हणजे ४-५ मिमी जाडीची पितळी कांडी, पत्र्याच्या आतल्या पृष्ठभागापासून ५ सेंमी उंच. सुरुवातीला ५.३ ठेवा आणि कानशीने थोडी थोडी उतरवा. कमी करता येते, वाढवता येत नाही.

हॉर्नचं तोंड ७५ × ६० सेंमी, ७५ ची बाजू नळीच्या १६.५ च्या बाजूला समांतर, पसरट भागाची लांबी ७० सेंमीच्या आसपास. यातून साधारण १८ डीबी गेन (समोरच्या दिशेचा संकेत किती पट जास्त पकडतो त्याचं माप) आणि १९-२० अंशांचा बीम मिळतो. भिंतींना जाड थर्मोकोल किंवा पुठ्ठा आणि वर अॅल्युमिनियम फॉइल पुरेशी आहे. नेहमी चुकतं ते एकाच जागी: जिथे हॉर्न नळीला मिळतो तिथे. फॉइल टेपचा डिंक वीज वाहू देत नाही, त्यामुळे वरवर चकचकीत दिसणारा सांधा आतून तुटलेलाच असतो. तिथे फॉइल नळीच्या आत दुमडा, वरून पत्र्याची पट्टी ठेवा आणि स्क्रूने आवळा, म्हणजे धातूला धातू टेकेल.

तोंडावर पातळ पॉलिथिन ताणून लावा, नाहीतर कबुतरं घर करतात. ते मधोमध उंच राहील असं लावा. पाणी साचलं तर ते संकेत शोषतं आणि स्वतःचा गोंगाट भरतं. ढगांमुळे मात्र काही बिघडत नाही.

केल्विन:
टॉवरबद्दल. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, त्यामुळे थेट त्यात टॉवर येत नाही. धोका असतो तो ९०० आणि १८०० च्या जोरदार संकेतांनी अॅम्प्लिफायर संपृक्त होण्याचा. तसं झालं तर बऱ्याचदा पडद्यावर विचित्र काहीच दिसत नाही, फक्त हायड्रोजन गायब होतो. म्हणून आत सॉ फिल्टर (ठरलेला अरुंद पट्टाच पुढे सोडणारी गाळणी) असलेला लो-नॉइज अॅम्प्लिफायर घ्या. नूइलेकचा सॉबर्ड प्लस एच-१ याच कामासाठी आहे आणि आरटीएल-एसडीआर व्ही-३ (लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर डोंगल) च्या बायस-टीवर, म्हणजे अँटेनाच्या केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर, चालतो. हॉर्नचं तोंड टॉवरकडे न करता आकाशाकडे ठेवलंत तर बहुतेक प्रश्न सुटतो.

अॅम्प्लिफायर थेट प्रोबच्या कनेक्टरवर बसवा. मध्ये केबल नको. तिथे १ डीबी गेला की प्रणालीच्या तापमानात (यंत्राचा गोंगाट असा तापमानात मोजतात) ७५ केल्विनची भर पडते. अॅम्प्लिफायरनंतर १०-१५ मीटर केबल चालेल. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, गच्चीवरच्या एलईडी ट्यूब आणि स्वस्त चार्जर बंद ठेवा.

एक हिशोब आधी विद्यार्थ्यांकडून करून घ्या. प्रणाली १५० केल्विन, चॅनेल ५ किलोहर्ट्झ, वेळ ६० सेकंद: गोंगाट येतो जेमतेम ०.३ केल्विन. आकाशगंगेच्या पातळीतला हायड्रोजन एवढ्या रुंद बीममध्येही काही दशक केल्विन भरतो. म्हणजे मिनिटभर पुरेसं आहे. तासन्‌तास सरासरी काढून हाती काही लागत नाही, कारण अडचण गोंगाटाची नसून रिसीव्हरमुळे वर्णपटात उमटणाऱ्या लाटांची आहे. रिसीव्हरचा स्वतःचा आकार भागून काढल्याशिवाय रेषेची उंची सांगू नका.

त्यासाठी संदर्भ आकाश आपल्याला फुकटात मिळतं. आकाशगंगेचा उत्तर ध्रुव (विषुवांश १२ तास ५१ मिनिटे, क्रांती +२७) महाराष्ट्राच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. हॉर्न सरळ वर ठेवून त्या वेळचा वर्णपट घ्या आणि बाकीचे त्याने भागा. हायड्रोजन तिथेही थोडा असतो, पण रेषेपुढे किरकोळ.

केल्विनमध्ये मोजायचं तर एकदा हॉर्न दाट झाडीकडे किंवा भिंतीकडे वळवा (सुमारे ३०० केल्विन) आणि एकदा रिकाम्या आकाशाकडे. दोन्हींत ५ डीबीच्या आसपास फरक हवा. ३ पेक्षा कमी आला तर गळ्याचा सांधा किंवा प्रोब तपासा. हे करताना ऑटोमॅटिक गेन बंदच हवा, तो चालू असेल तर सगळे आकडे निरर्थक.

सेकंदाला २.४ मेगासँपल आणि ५१२ बिंदूंचं एफएफटी (संकेताचा वर्णपट काढणारं गणित) घेतलं की चॅनेल ४.७ किलोहर्ट्झचं, म्हणजे डॉपलर परिणामाने वेगाच्या मापात सेकंदाला १ किमी. मधल्या चॅनेलला डोंगलचा स्वतःचा काटा उभा राहतो, म्हणून एकदा १४२०.२ आणि एकदा १४२०.७ वर मध्य ठेवून निरीक्षण घ्या आणि बिघडलेला चॅनेल दुसऱ्यातून भरा.

मृगशीर्ष:
आभारी आहे, डब्याचा बेत रद्द. पण शाळा सकाळी येतात आणि हॉर्न तर वर रोखलेला. त्यांना दाखवायचं काय?

स्वाती_विशाखा:
सर, डोक्यावरून आकाशगंगेची पातळी दिवसातून दोनदा जाते, नाक्षत्र वेळ (ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ) साधारण ६:१५ आणि १९:३० ला. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, यातली दुसरी वेळ सकाळी साडेनऊच्या सुमारास येते. भर उन्हात मुलांना आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचा भाग दाखवता येतो, आणि हे कुठल्याच प्रकाशीय दुर्बिणीला जमत नाही. मात्र पुणे-नगरकडची मंडळी त्या दिवसांत खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन पाहायला जातात. आठवडाभर आधी कार्यक्रम ठेवलात तर वेळ दहाच्या जवळ जाते, तीही सोयीची. पावसाळ्याअखेरीस, सप्टेंबरच्या मध्यात, हीच जागा रात्री साडेआठला डोक्यावर असते.

पडद्यावर फक्त वक्र ठेवू नका. आडव्या अक्षावर वारंवारतेऐवजी वेग लिहा, ‘आपल्याकडे येणारा’ आणि ‘दूर जाणारा’ अशा बाजू रंगवा. मग एखाद्या मुलाला हॉर्नच्या तोंडासमोर उभं करा: त्याच्या अंगाची उष्णता लगेच पातळी वर चढवते. तिसरीतल्या पोरालाही कळतं की यंत्र उष्णता ‘ऐकतं’ आहे. त्यानंतर रेषा दाखवली तर ती पटते.

केल्विन:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. हॉर्नला बिजागरी लावून तो उत्तर-दक्षिण झुकवता आला पाहिजे. पुण्याच्या अक्षांशावर दक्षिणेला २१ अंश झुकवलं की गॅलॅक्टिक रेखांश (आकाशगंगेच्या केंद्रापासून तिच्या पातळीत मोजलेला कोन) ३० समोर येतो, उत्तरेला १४ अंश झुकवलं की ७०. दोन्ही दीड तासाच्या आत याम्योत्तरावरून (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवरून) जातात. प्रत्येक ठिकाणी रेषेचा सर्वांत जास्त धन वेग वाचा, त्यात सूर्याचा परिभ्रमण वेग (२२० किमी प्रतिसेकंद धरा) गुणिले रेखांशाचा साइन मिळवा, आणि आपल्या दीर्घिकेच्या भ्रमणाचा वक्र (केंद्रापासून कुठल्या अंतरावर वायू किती वेगाने फिरतो त्याचा आलेख) आला.

दोन खबरदाऱ्या. पृथ्वीची कक्षीय गती सेकंदाला ३० किमी, त्यावर सूर्याची स्थानिक गती २०. ही दुरुस्ती अॅस्ट्रोपायमधून (खगोलशास्त्रासाठीची पायथन लायब्ररी) केली नाही तर ऑक्टोबर आणि एप्रिलचे आकडे कधीच जुळणार नाहीत. दुसरी, २० अंशांच्या बीममध्ये शेजारचे कमी रेखांशही शिरतात, त्यामुळे वाचलेला कमाल वेग खऱ्यापेक्षा मोठा येतो. अहवालात ही चूक किती ते काढायला लावा. २०१६ च्या एचआय४पीआय या संपूर्ण आकाशाच्या हायड्रोजन सर्वेक्षणाचा विदा (डेटा) खुला आहे. तो आपल्या बीमएवढा पसरवून स्वतःच्या वर्णपटाशेजारी ठेवायचा. चारांपैकी दोन विद्यार्थ्यांना पूर्ण सत्रभर एवढंच काम द्या, बाकी दोघांना हॉर्न.