तरंगफलन ही वस्तू आहे की नोंद?

जुळे सोलापूर (धागाकर्ता):
मी शहरातील एका महाविद्यालयात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर काही विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग घेतो. मागच्या रविवारी एका विद्यार्थिनीने साय (ψ), म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाची अवस्था गणितात मांडणारे तरंगफलन, याविषयी विचारले, "सर, हे साय नेमके असते कुठे?" मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "वहीत." वर्गात हशा पिकला, पण तिथेच बसलेल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांना ते उत्तर बेजबाबदार वाटले. मला ते आजही योग्य वाटते, म्हणून कारणे येथे मांडतो.

श्रोडिंगर यांनी १९२६ साली समीकरण मांडले तेव्हा साय म्हणजे अवकाशात खरोखर पसरलेले काहीतरी असावे, अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षी मॅक्स बॉर्न यांनी दाखवून दिले की तिच्या निरपेक्ष मूल्याचा वर्ग घेतला तर कण कुठे सापडेल याची संभाव्यता मिळते, आणि प्रयोगशाळेत आजवर उपयोगी पडला आहे तो हाच अर्थ. शिवाय हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून त्यांचे तरंगफलन तीन नव्हे तर सहा मितींच्या अवकाशात लिहावे लागते. सहा मितींत पसरलेली वस्तू आपल्या खोलीत कुठे ठेवायची? राहता राहिले ते मोजमापाच्या क्षणी तरंगफलन सर्वत्र एकदम कोसळण्याचे, म्हणजे अनेक शक्यतांतून एकच उरण्याचे कोडे. नळाला पाणी आज येणार की उद्या, याचा मी अंदाज बांधून बसलेला असतो. पलीकडच्या गल्लीतून फोन येतो की पाणी सुटले, आणि माझा अंदाज त्याच क्षणी बदलतो. त्या फोनमुळे जलवाहिनीत काहीही कोसळलेले नसते.

अशोक चौक:
सर, आपले पाण्याचे उदाहरण ऐकायला गोड आहे, पण युक्तिवाद गळतो तो नेमका तिथेच. फोन येण्यापूर्वीही पाणी वाहिनीत एकतर होते किंवा नव्हते. अज्ञान केवळ आपले होते. इलेक्ट्रॉनबाबत तसे म्हणता येत नाही. बेल यांच्या १९६४ च्या प्रमेयानुसार, मोजमापाची उत्तरे आधीच ठरलेली असतील आणि दूरच्या घटनेचा परिणाम येथे तत्काळ होत नसेल, तर दूरवरच्या मोजमापांमधील परस्परसंबंधांवर मर्यादा पडते. आस्पे यांच्या १९८२ च्या प्रयोगांसह अनेक प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली आणि २०२२ चे नोबेल याच कामाला मिळाले.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला, तरी पडद्यावर ठिपके साठत साठत अखेर तरंग एकमेकांत मिसळल्यावर पडतात तसे पट्टे उमटले. दोन फटींच्या प्रयोगात एकच फट उघडी असताना जिथे इलेक्ट्रॉन पोहोचतो, तिथे दुसरीही फट उघडल्यावर तो जवळपास पोहोचत नाही. येण्याची वाट वाढवली आणि येण्याची शक्यता घटली, असे निव्वळ अज्ञानाने कसे घडेल? अज्ञानाच्या संभाव्यतांची बेरीज होते, त्या एकमेकींना खोडत नाहीत.

जुळे सोलापूर:
पाण्याचे उदाहरण मागे घेतो. ते मुलांसाठी होते आणि आपल्यासमोर टिकत नाही. मात्र पडद्यावर पट्टा असा कधी आलेला नाही, ठिपकेच आले आहेत. ठिपके कुठे येतील याविषयीच्या अपेक्षा साय सांगते आणि त्या अपेक्षांचे गणित संमिश्र संख्यांचे आहे, म्हणून त्या एकमेकींना खोडतात.

एम.एस्सी. द्वितीय वर्ष:
"वहीत" हे उत्तर ज्यामुळे मिळाले तो प्रश्न माझाच होता, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. पुसी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रमेय येथे विचारात घ्यायला हवे. प्रत्येक प्रणालीची स्वतःची एक खरी अवस्था असते आणि स्वतंत्रपणे तयार केलेल्या दोन प्रणालींच्या खऱ्या अवस्थाही परस्परांपासून स्वतंत्र असतात, ही दोन गृहीतके मान्य केली, तर एकाच खऱ्या अवस्थेला दोन भिन्न शुद्ध तरंगफलने लागू पडू शकत नाहीत. तशी ती लागू पडली, तर ज्या निष्पत्तीची संभाव्यता सिद्धांतानुसार शून्य आहे ती कधीतरी मिळालीच पाहिजे. म्हणजे "साय ही खालच्या वास्तवाविषयीची आपली अपुरी माहिती" ही सोयीची मधली वाट जवळजवळ बंद होते. सरांना एकतर दुसरे गृहीतक नाकारावे लागेल, किंवा खाली वास्तव अवस्था असते हेच नाकारावे लागेल. आपण यांतले काय नाकारता?

विजापूर वेस:
काहीच नाकारू नका. कोसळणे तेवढे काढून टाका, म्हणजे सगळ्याच शक्यता प्रत्यक्षात घडतात असे माना; एव्हरेट यांनी १९५७ मध्ये तेच केले.

जुळे सोलापूर:
सगळ्याच शक्यता प्रत्यक्षात घडत असतील, तर "संभाव्यता सत्तर टक्के" या वाक्याचा अर्थ काय, ते आधी सांगावे.

अशोक चौक:
मी यंत्रमागाच्या घरात वाढलो, म्हणून सहा मितींच्या आक्षेपाला आमच्याकडचेच उत्तर देतो. आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर चालणारे जकार्ड (मागावर नक्षी विणणारी यंत्रणा) आले आहे, पण आमच्या मागावर भोके पाडलेल्या कार्डांची माळ फिरत असे. एकेक कार्ड एकेका आडव्या धाग्यासाठी असे आणि कोणते उभे धागे उचलले जातील हे भोके ठरवत. चादरीवर मोर असे, कार्डावर मात्र मोर कुठेच दिसत नसे. कार्डाची मांडणी चादरीसारखी नाही, म्हणून कार्ड खोटे आहे किंवा ते कोणाच्या तरी मनातले ज्ञान आहे, असे कोणताही विणकर म्हणणार नाही. बोम यांनी १९५२ मध्ये जवळपास हेच सुचवले: कण खरे आहेत आणि त्यांना वाट दाखवणारे तरंगफलनही खरे आहे.

जुळे सोलापूर:
उदाहरण उत्तम आहे, माझ्या पाण्यापेक्षा निश्चितच उत्तम. तरीही एक विचारतो: कार्ड माग चालवता चालवता झिजत नसे काय?

अशोक चौक:
झिजत असे. भोके फाटली की चादरीत चूक येई आणि रात्री बसून नवे कार्ड पाडावे लागे.

जुळे सोलापूर:
मग माझा मुद्दा तिथेच आहे. बोम यांच्या सिद्धांतात तरंगफलन कणांना चालवते, पण कण तरंगफलनावर कसलाही उलट परिणाम करत नाहीत. जी वस्तू ढकलते पण स्वतः कधीच ढकलली जात नाही, ती मला वस्तूपेक्षा नियमासारखी अधिक वाटते, आणि नियम लिहिला जातो वहीतच.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो टाळणे बरोबर होणार नाही. मी पहिले गृहीतक नाकारतो. साय ही खालच्या कुठल्या दडलेल्या अवस्थेविषयीची माहिती नसून पुढील मोजमापात काय मिळेल याविषयीची मोजणाऱ्याची अपेक्षा आहे.

एम.एस्सी. द्वितीय वर्ष:
सर, मग विग्नर यांनी १९६१ मध्ये मांडलेली मित्राची अडचण उभी राहते. बंद प्रयोगशाळेत मी मोजमाप केले आणि माझ्या वहीत एकच निश्चित निष्पत्ती लिहिली. आपण दाराबाहेर आहात आणि आपल्या वहीत मी, माझे उपकरण आणि तो कण अजून सर्व शक्यता एकत्र असलेल्या अध्यारोपित अवस्थेत आहोत. कोणाची वही खरी?

जुळे सोलापूर:
दोन्ही, आणि प्रत्येक ज्याच्या त्याच्या पुढील मोजमापापुरती. हे अवघड वाटते हे मला मान्य आहे आणि "वहीत" म्हणताना मी ही किंमत सांगितली नव्हती, तेवढी माझी चूक. रविवारी फळ्यावर "वहीत" या शब्दाआधी "मोजणाऱ्याच्या" असे लिहीन. अशोक चौकातील मित्रांनी शक्य असल्यास एखादे जुने कार्ड घेऊन यावे. या मुलांपैकी अनेकांनी ते पाहिलेले नाही.