मदत हवी आहे: कयाकवरून खाडीत लेप आणि भाकस हे चपटे मासे कसे धरायचे?

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, लहानपणापासून कृष्णेत गळ टाकतोय पण खाडीचा अनुभव अगदी नवा आहे. मागच्या महिन्यात दोन जणांची कयाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) गाडीवर बांधून आंबा घाटातून रत्नागिरीला गेलो, भाट्याच्या खाडीत उतरलो, लेप किंवा भाकस मिळावा हीच इच्छा. चपटा मासा तळाच्या वाळूत अंग पुरून बसतो, दोन्ही डोळे वरच्या बाजूला, आणि भक्ष्य जवळून गेलं की झडप घालतो, म्हणजे आमिष तळाला घासतच गेलं पाहिजे हे कळतंय. पण आमची कयाक वाऱ्याने इतकी पळते की गळाचं शिसं (वजन) तळाला टेकतच नाही, कोळंबी अधांतरी, आणि जड शिसं लावलं तर चिखलात रुततं, मग मासा लागलाय का चिखल हेच कळत नाही!

तर विचारायचं होतं की नांगर टाकून एका जागी बसावं का ओढीबरोबर हळू वाहत जावं? ओहोटी लागल्यावर लहान मासळी ओहळातून खाली मुख्य पात्रात येते, तिथे तोंडाशी थांबणं बरोबर का? आणि उधाणापेक्षा (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) भांगाच्या दिवसात (अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी) पाण्याला ओढ कमी असते, आमच्यासारख्यांनी तेव्हाच जावं का?

अजून एक, ओहोटीत खाडीच्या मुखाकडे, समुद्राच्या बाजूला ओढले गेलो तर काय करायचं? लाइफ जॅकेट दोघांनाही आहे, पण धाकटा भाऊ सोबत असतो म्हणून जीव धाकधूक करतो. कोकणातल्या कुणी दादांनी नीट सांगा प्लीज.